तीन पडद्यांवरचे भाऊसाहेब

आमच्या रुग्णालयात कुणाचा संगणक अडला की लोक मला फोन करतात. भाऊसाहेब फोन करत नसत. ते चालत यायचे. त्यांचं स्वयंपाकघर मागच्या इमारतीत, माझी खोली पुढच्या इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांना लागून. मध्ये एक अंगण, दोन जिने आणि कायम ओली असलेली फरशी. एवढं सगळं ओलांडून ते माझ्या दारात उभे राहायचे, दार सताड उघडं असलं तरी त्यावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, हललं."

"काय हललं?"

"सगळंच."

सहा महिन्यांत हे संभाषण मी निदान चाळीस वेळा केलं असेल. पहिल्या पाच वेळा मी हसून केलं. पुढच्या पाच वेळा हसू न आणता केलं. त्यानंतर मात्र टकटक ऐकली की माझ्या कपाळाची शीर आपोआप उडायला लागायची. मी तापट आहे हे रुग्णालयात सगळ्यांना माहीत आहे. लोक माझ्याकडे यायच्या आधी एकमेकांना विचारून येतात, आज मूड कसा आहे म्हणून. भाऊसाहेबांनी असं कधीच विचारलं नाही. मी कितीही फणकारले तरी ते नम्रपणे उभे राहायचे, आणि माझं सगळं बोलून झालं की पुन्हा म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं. पण हललंय."

भाऊसाहेब आमचे डाएट क्लार्क. नाव इंग्रजी असलं तरी काम साधं आहे: एकोणीस वॉर्डांतल्या तीनशे रुग्णांपैकी आज कोण काय खाणार हे ठरलेलं असतं, ते स्वयंपाकघराला कळवायचं. पूर्ण जेवण, मऊ जेवण, पातळ जेवण, बिनमिठाचं, बिनसाखरेचं. सकाळी साडेसहाला ते फोन घेऊन बसायचे. एकेका वॉर्डाची सिस्टर आकडे सांगायची आणि भाऊसाहेब "हं, हं" करायचे. लिहून काही घ्यायचे नाहीत. खिशाला पेन होतं, पण ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. चष्माही होता, तोही दोरीला बांधून छातीवर लोंबकळत असायचा. एकोणीस वॉर्डांचे आकडे डोक्यात घेऊन हा माणूस संगणकासमोर बसायचा आणि एकोणीस तक्ते छापून द्यायचा. प्रत्येक तक्ता त्या त्या वॉर्डाच्या ट्रॉलीला अडकवला जायचा.

नुसते आकडेच डोक्यात असते तर मी त्यांना पाठांतराचा महामेरू म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांना माणसंही पाठ. "अकरा नंबरच्या आजींना आज पूर्ण जेवण कसं म्हणता, सिस्टर? काल दाढ काढली ना त्यांची?" असं ते फोनवर विचारायचे, आणि पलीकडे सिस्टर जीभ चावायची. रुग्णालयात तीन आहारतज्ज्ञ येऊन गेल्या. पहिल्या आठवड्यात तिघींनीही भाऊसाहेबांना शिकवायला घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून तिघीही त्यांना विचारून सही करायला लागल्या.

असा हा माणूस संगणकाच्या बाबतीत मात्र इतका हट्टी का, हे मला कळत नव्हतं.

त्यांचा पडदा बघण्यासारखा होता. मागे कसलंही चित्र नाही, नुसता करडा रंग. त्यावर एकोणीस फायली, काही घोळक्याने, काही एकट्या, मध्येच मोकळी पट्टी, खालच्या कोपऱ्यात दोन फटकून बसलेल्या. आणि नावं? "नवीन". "नवीन 2". "नवीन 3". असं करत "नवीन 19" पर्यंत. फाईल तयार करताना संगणक स्वतःच्या मनाने जे नाव देतो तेच त्यांनी ठेवलेलं होतं. घरात एकोणीस पोरं आणि सगळ्यांना "बाळ" म्हणून हाक मारायची, तसला प्रकार.

"भाऊसाहेब, नावं द्या ना जरा नीट."

"देऊ की."

"कधी देणार?"

"देऊ, देऊ."

ते कुठलीही फाईल नावाने उघडत नसत. त्यांचा हात सरळ त्या जागेवर जायचा. स्त्रियांचा वॉर्ड? डावीकडे, वरून दुसरी. मुलांचा? उजवीकडे सगळ्यात वर. आणि त्यांची तक्रार होती ती नेमकी या जागांची.

भाऊसाहेबांना तीन ठिकाणी बसावं लागायचं. सकाळी त्यांच्या ऑफिसात, तिथे पडदा चांगला रुंद. जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, तिथे जुना चौकोनी पडदा. दुपारी कोठीघरात, तिथला पडदा तर पाटीएवढा. तिन्हीकडे ते आपल्या एकाच नावाने संगणक उघडायचे. आमच्याकडे व्यवस्था अशी, की माणसाचं सगळं सामान, म्हणजे फायली आणि पडद्यावरची त्यांची मांडणी, माझ्या तळघरातल्या मोठ्या यंत्रात राहतं. माणूस ज्या संगणकावर बसेल तिथे ते सामान त्याच्या मागे जातं. उठला की जसं असेल तसं परत येतं. ही व्यवस्था सहा महिन्यांपूर्वी मीच बसवली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

पण रुंद पडद्यावरची मांडणी चौकोनी पडद्यावर मावत नाही. मग तो संगणक उजवीकडच्या फायली उचलून जागा मिळेल तिथे कोंबतो. कोठीघरात तर सगळ्या एकावर एक चढायच्या. भाऊसाहेब तिथून उठले की ती कोंबाकोंब माझ्या मोठ्या यंत्रात येऊन बसायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या रुंद पडद्यावर तीच दिसायची. मग ते अर्धा तास एकेक फाईल, नावातला आकडा बघून, ओढत ओढत जागेवर न्यायचे. रोज. ते पाहून मला वाटायचं, एवढ्या वेळात माणसाने नावं दिली असती, घरी जाऊन आंघोळ करून परतही आला असता.

"मला तिन्हीकडे वेगवेगळी मांडणी द्या," ते म्हणायचे. "फायली त्याच राहू द्यात. पण इथलं इथे, तिथलं तिथे."

"तसं नाही करत कुणी. एका माणसाला एकच मांडणी. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा."

यावर ते मान डोलवायचे आणि निघून जायचे. जाताना ओल्या फरशीवरून जपून चालायचे. मग दोन दिवसांनी परत टकटक.

एका बुधवारी त्यांची आठवड्याची सुट्टी होती. सकाळपासून माझ्याकडे कुणी आलं नव्हतं, मोठं यंत्र गुमान चाललं होतं, आणि रिकाम्या डोक्यात मला परोपकाराची उबळ आली. मी म्हटलं, आज या माणसाचा प्रश्न कायमचा सोडवायचा. त्यांच्या एकोणीस फायली मी उघडल्या, आतला वॉर्ड पाहिला आणि प्रत्येकीला सरकारी कागदावर असतं तसं पूर्ण, शुद्ध नाव दिलं. शल्यचिकित्सा विभाग, पुरुष कक्ष. अस्थिशल्यचिकित्सा विभाग, पुरुष कक्ष. प्रसूतिपश्चात विभाग. मग सगळ्या अक्षरांच्या क्रमाने एका उभ्या रांगेत लावून टाकल्या आणि रांग हलू नये म्हणून कुलूप घातलं. आता कुठल्याही पडद्यावर, रुंद असो की पाटीएवढा, रांग तीच. शाळेच्या हजेरीसारखं सुंदर दिसत होतं. मी तर दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

वर एक चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते पुढे येईलच.

गुरुवारी दुपारी साडेबाराला हाडांच्या वॉर्डात दंगल उसळली.

त्या वॉर्डात सव्वीस माणसं होती. कुणाचा पाय टांगलेला, कुणाचा हात प्लास्टरमध्ये, पण पोटं सगळ्यांची ठणठणीत. या सव्वीस जणांपुढे एकेक वाटी पातळ सूप आणि अर्धा पेला फळांचा रस आला. सुरुवातीला त्यांना वाटलं, जेवण यायचंय, ही तयारी आहे. वीस मिनिटं वाट पाहून एका ट्रक ड्रायव्हरने चमच्याने पलंगाचा लोखंडी गज वाजवायला सुरुवात केली. मग शेजारच्याने. मग सव्वीसांनी. तो आवाज मला तळघरात ऐकू आला, यंत्रांच्या घरघरीवरून. अधीक्षकसाहेबांच्या खोलीत तर एक बैठक चालू होती, ती थांबली.

हे हसण्यासारखं होतं. पण सव्वीस जणांचं ते जेवण गेलं होतं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, जिथे आदल्या दिवशी पोट उघडलेली माणसं झोपली होती. तिथली सिस्टर जुनी आणि तिखट होती म्हणून बरं. तिने ताट पाहिलं आणि ट्रॉली दारातच आडवी लावली. तरी एकाच्या हातात पाव गेलाच होता. तो तिने त्याच्या तोंडापासून काढून घेतला.

अधीक्षकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट नाहीत, पण त्यांना घाई फार. "उद्या चारपर्यंत मला एक पानी अहवाल द्या," ते म्हणाले. "यंत्राची चूक की माणसाची, एवढंच सांगा. यंत्राची असेल तर तुम्ही बघून घ्या. माणसाची असेल तर मी भाऊसाहेबांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत टाकतो. दोन वर्षं राहिली आहेत बिचाऱ्यांची. निवांत फायली लावत बसतील."

मी जिना उतरताना मनात अहवाल लिहूनही टाकला. यंत्राची चूक म्हणजे माझी चूक, आणि चौदा वर्षांत माझ्या नावावर एकही समज नव्हती. नावं स्वच्छ लिहिलेली होती. समोर दिसत असूनही माणूस चुकीची फाईल उघडत असेल तर त्याला मी काय करू? तरीही, लिहिण्याआधी एकदा समोरासमोर झापावं म्हणून मी अंगण ओलांडून त्यांच्याकडे गेले. एरवी तक्रार घेऊन अंगण ओलांडायचे ते भाऊसाहेब.

भाऊसाहेब ऑफिसात एकटेच बसले होते. समोर पडद्यावर माझी ती सुंदर रांग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा, मॅडम."

"बसायला नाही आले. मला फक्त एवढं दाखवा, यातला हाडांचा वॉर्ड कुठला?"

ते पडद्याकडे पाहत राहिले. "चष्मा विसरलो."

"तुमच्या छातीवर आहे."

त्यांनी चष्मा लावला. मग बोट पडद्याजवळ नेलं आणि पहिल्या नावाखाली ठेवलं. ओठ हलले. बोट खाली आलं, पुन्हा वर गेलं. एक मिनिट झालं असेल. स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं घासत होतं, तेवढाच आवाज. मी तोंड उघडलं होतं झापायला, ते तसंच उघडं राहिलं. कारण मला आता कळत होतं आणि कळायला नको होतं.

"अक्षरं थांबत नाहीत हो," भाऊसाहेब म्हणाले. पडद्याकडेच पाहून म्हणाले. "लहानपणापासून. आकडे थांबतात. दोन-तीन अक्षरांचा शब्द असला तर पकडतो कसाबसा. मोठा शब्द आला की पुढचं मागे, मागचं पुढे. मास्तर म्हणायचे ढ आहे. वडील म्हणायचे आळशी आहे. मलाही तसंच वाटायचं."

"मग ही नोकरी?"

"भांडी घासायला लागलो इथे. मग ताटं मोजायला. मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मग तेव्हाच्या साहेबांनी बघितलं की याला सगळे वॉर्ड पाठ आहेत, बसवलं टेबलावर. कागद होते तोवर खणांचं कपाट होतं, कुठला खण कुणाचा ते ठाऊक. संगणक आला तेव्हा वाटलं, संपलं आता. पण तुम्ही दाखवलंत ना, फाईल उचलून कुठेही ठेवता येते म्हणून? म्हटलं, मग हेही कपाटच की."

ते मीच दाखवलं होतं. मला आठवतही नव्हतं.

"इथल्या एकतीस वर्षांत कुणाला कळलं नाही?"

"हिला ठाऊक आहे. आणि मोठ्या आचाऱ्यांना. नवीन काही छापून आलं की ते वाचून सांगतात. काल ते गावाला गेलेत. सकाळी बसलो तर सगळं एका रांगेत, नावांतले आकडेही गेलेले. फोन करून विचारायचं तर काय विचारणार? वेळ होता चाळीस मिनिटं. सतरा बरोबर काढले, मॅडम. दोनांत गफलत झाली."

चाळीस मिनिटांत सतरा, नाचणाऱ्या अक्षरांतून. मी खुर्चीत बसले.

"आणि चिठ्ठी?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून काढली, व्यवस्थित चार घड्या घातलेली. "घरी नेऊन वाचून घेणार होतो. काय लिहिलं होतं?"

चिठ्ठीत लिहिलं होतं: "भाऊसाहेब, आता तरी नावं वाचायची सवय लावा!" उद्गारचिन्ह होतं. त्याखाली मी हसरा चेहराही काढला होता, मला स्वतःला त्याचा फार अभिमान वाटला होता म्हणून.

"काही विशेष नाही," मी म्हणाले आणि चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली. मला राग आला होता तो स्वतःचा. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

"साहेब मला जुन्या कागदांत पाठवणार म्हणतात," भाऊसाहेब म्हणाले. "खरं का?"

"अजून ठरलं नाही."

"तिथे चाळीस हजार फायली आहेत, मॅडम. सगळ्या नावांच्या. पहिल्याच दिवशी कळेल सगळ्यांना." मग त्यांनी चष्मा काढून छातीवर सोडला. "दोन वर्षंच राहिली होती. वाटलं होतं, झाकल्या मुठीने निघून जाईन."

मी उठले, त्यांना उठवलं आणि त्यांच्या खुर्चीत बसले. "सांगा," मी म्हणाले. "कुठली फाईल कुठे?"

तिथून पुढे तीन तास आम्ही तीन संगणकांवर मांडामांड केली. आता मी विचारत होते आणि ते सांगत होते, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जो घोळका मला गबाळा वाटायचा तो आमच्या रुग्णालयाचा नकाशा होता. पडद्याचा वरचा भाग म्हणजे वरचा मजला. डावीकडे स्त्रियांचे वॉर्ड, जसे खरोखरच डावीकडे आहेत. मधली मोकळी पट्टी म्हणजे लिफ्ट आणि जिना. खालच्या कोपऱ्यातल्या फटकून बसलेल्या दोन म्हणजे अंगणापलीकडचे साथीचे वॉर्ड. हा माणूस फाईल उघडत नव्हता, त्या वॉर्डात जात होता. चौकोनी पडद्यावर त्यांनी मजले जवळ घेतले. कोठीघराच्या छोट्या पडद्यावर जिना अरुंद केला. "इथून माणूस जाईल ना नीट?" मी चिडवलं. "बारीक माणूस जाईल," ते म्हणाले. "तुम्हाला लिफ्टने जावं लागेल." मला झोंबलं, पण त्या दिवशी मी ऐकून घेतलं.

माझ्या बाजूचं काम म्हणाल तर मोठ्या यंत्राला एवढंच सांगायचं होतं, की या नावाच्या माणसाच्या फायली सगळीकडे एकच, पण पडद्यावरची मांडणी ज्या त्या संगणकाने आपल्यापाशी ठेवायची, इकडची तिकडे न्यायची नाही. यालाच मी सहा महिने नियम नियम म्हणून नाही म्हणत होते. मला वीस मिनिटं लागली. घड्याळ लावून सांगते, वीस.

भाऊसाहेब तिन्ही ठिकाणी एकेकदा बसून, उठून, पुन्हा बसून आले. खिडकीपाशी गेले तर खिडकीची मांडणी. ऑफिसात आले तर ऑफिसची. तिसऱ्या वेळी परत आले तेव्हा त्यांनी संगणकाच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे न पाहता, आणि पुढच्या जेवणाचे तक्ते काढायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. एक पानी मागितला होता, पण आठ ओळींतच झाला. इतक्या कमी ओळींसाठी इतका वेळ मला कधी लागलेला नाही. तीन वाजता स्वतः वर जाऊन देऊन आले.

शनिवारी दुपारी टकटक झाली. भाऊसाहेब दारात, हातात लांबट पाकीट. आतून घाम फुटलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा.

"साहेबांकडून आलंय. माझ्या नावाचं." त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं. "आचारी अजून आले नाहीत. घरी जाईपर्यंत दम निघेना. वाचता का?"

पाकिटात माझ्याच अहवालाची प्रत होती. खाली साहेबांचा हिरव्या शाईतला शेरा. मी आधी शेऱ्यावर नजर टाकली, मग घसा साफ केला आणि वरून वाचायला लागले. दोन वॉर्डांच्या तक्त्यांची अदलाबदल झाली. कारण, संगणक विभागाने आदल्या दिवशी संबंधित कर्मचाऱ्याला न विचारता त्याच्या फायलींची नावं आणि क्रम बदलले. कर्मचाऱ्याने सहा महिने योग्य मागणी केली होती, ती संगणक विभागाने फेटाळली. आता मागणीप्रमाणे व्यवस्था केली आहे. असं सगळं, भराभर, सरकारी आवाजात. मग साहेबांचा शेरा: "भाऊसाहेबांनी आहे तिथेच काम करावं. संगणक विभागाला समज देण्यात येत आहे."

"म्हणजे कुठे जायचं नाही?"

"कुठे जायचं नाही."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकवून उभे राहिले. मला वाटलं, आता जातील. पण ते कागदाकडे पाहत होते.

"मॅडम, या आठ ओळी आहेत."

"बरं."

"तुम्ही सातच वाचल्यात. ही, शेवटून दुसरी, ही राहिली." त्यांनी बोट बरोबर तिथे ठेवलं. "माझं लिहिलंय ना त्यात? अक्षरांचं?"

"नाही हो. खरंच नाही."

"मग वाचा की."

मी वाचेना. माझा चेहरा तापला होता. असली वाक्यं मी लिहिते एकदा भावनेच्या भरात, पण तोंडाने बोलायची मला सवय नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर भीती होती, स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, कागद आपल्याकडे ओढला आणि ओळीच्या सुरुवातीला बोट लावलं.

"ए... क... तीस," ते म्हणाले. "एकतीस. व... र्षां... त. वर्षांत."

मी उभीच राहिले. प्रत्येक शब्द माझ्या जिभेवर आयता तयार होता, आणि प्रत्येक शब्द मी गिळला. टेबलावरचा फोन वाजला. वाजून वाजून थांबला. बोट पुढे जायचं, अडायचं, परत मागे येऊन शब्दाला पुन्हा गाठायचं. "या मा... ण... साने. ए... का... ही. रु... रुग्णा... ला." इथे ते थांबले, कपाळ पुसलं आणि पुन्हा वाकले. शेवटच्या शब्दापर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागला हे मी पाहिलं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

मग त्यांनी मान वर केली आणि अख्खी ओळ एका दमात म्हणाले, पाठ झाली होती आता: "एकतीस वर्षांत या माणसाने एकाही रुग्णाला उपाशी ठेवलं नाही, आणि त्याला न विचारता त्याच्या कामात हात घातला याची मला लाज वाटते."

मी यंत्राकडे पाहत राहिले.

"बरोबर वाचलं?"

"बरोबर."

"सगळं?"

"सगळं, भाऊसाहेब."

त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, ती ओळ जागेवर आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा घडी घातली. "हा घरी नेऊ? लग्न झाल्यापासून घरातला प्रत्येक कागद हीच वाचते मला. हिला दाखवतो." दारापर्यंत गेले आणि वळले. "दाखवत नाही. वाचून दाखवतो."